यष्टीमागचा कारकून

बँकेच्या कॅश काउंटरवर बावीस वर्षं काढल्यावर माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाकडे एकच तत्त्वज्ञान शिल्लक राहतं. हिशेब जुळला तर साहेब काही बोलत नाहीत आणि पाचशे रुपये कमी आले तर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे बोलतात. बावीस वर्षांत माझी कॅश किती वेळा जुळली हे कोणालाही ठाऊक नाही. किती वेळा जुळली नाही, हे मात्र शाखेच्या चहावाल्यालादेखील पाठ आहे. (तीन वेळा. त्यातल्या एका वेळी नोट खणाच्या मागे सापडली. पण तेवढा भाग चहावाला सांगत नाही.)

इतकं सगळं अंगावर काढलेल्या माणसाने यष्टिरक्षकाच्या बाबतीत तरी अन्याय करायला नको होता. पण केला. तोही सासुरवाडीला, आणि लाउडस्पीकरवरून.

आमची सासुरवाडी निमगाव सावा. तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. नारायणगाव सोडलं की ऊस, कांदा, टोमॅटो आणि पुन्हा ऊस असं करत करत गाव येतं. इकडे जावयाला दोन मान असतात. एक, जेवताना आग्रह. आणि दोन, नको त्या कमिटीवर नेमणूक. त्या वर्षी यात्रेच्या सुमारास टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा होत्या. ‘पाव्हणं बँकेत हैत, हिशोबाला पक्के हैत,’ एवढ्या भांडवलावर मला गुणलेखक केलं गेलं. मोबाइलवर गुण मांडायचीही सोय होती, पण दुपारी वीज गेली, मोबाइल झोपला आणि कमिटीला माझ्या बॉलपेनची आठवण झाली. त्यातच कोणीतरी उत्कृष्ट यष्टिरक्षकासाठी बक्षीस जाहीर केलं होतं : रोख एक हजार एक रुपये आणि हातमोज्यांचा जोड. ते कोणाला द्यायचं हेही मीच ठरवायचं होतं. आजवर मी फक्त इतरांनी ठरवलेल्या रकमा दिल्या होत्या. माझी छाती दोन इंच फुगली.

मैदान म्हणजे कांदा काढून मोकळं झालेलं वावर. तीन बाजूंना माणसं आणि चौथ्या बाजूला ऊस. जुन्नर तालुक्यात ऊस हा पिकाचा प्रकार कमी आणि बिबट्याचा पत्ता जास्त. या बिबट्यांसाठी माणिकडोहला वेगळं निवारा केंद्रच आहे. त्यामुळे उसात गेलेला चेंडू आणायला क्षेत्ररक्षक जात नाही, पंच जात नाही आणि स्पर्धेचे अध्यक्ष तर भाषणातसुद्धा जात नाहीत. चौकार देऊन नवा चेंडू काढतात. पायचीत हा प्रकार आमच्या स्पर्धेत नाही. पायचीत दिला की पुढचा खेळ क्रिकेटचा राहत नाही.

अंतिम सामन्यापर्यंत दोन यष्टिरक्षक डोळ्यांत भरले. खरं सांगायचं तर एकच भरला. दुसरा नंतर भरला, आणि तोवर उशीर झाला होता.

पहिला यजमान संघाचा. त्याच्या हातात नारायणगावहून आणलेले लालभडक हातमोजे, कपाळाला रुमाल. चेंडू डावीकडे गेला की हा डावीकडे आडवा, उजवीकडे गेला की उजवीकडे. दिवसअखेर त्याच्या अंगावर एवढी माती असे की कांद्याची एक लावण सहज झाली असती. प्रत्येक उडीला पब्लिक शिट्ट्या मारी आणि समालोचक ओरडे, ‘पक्षी! पक्षी!’ दुसरा वस्तीवरचा पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा. उघड्या हातांनी उभा राहायचा. ना उडी, ना आरडाओरडा. चेंडू यायचा, त्याच्या हातात जायचा, तो गोलंदाजाकडे परत जायचा. टपालखात्यासारखं काम. त्याच्याकडे पाहताना मी दोनदा जांभई दिली, हे कबूल करतो.

आणि माझ्याकडे आकड्यांचा पुरावा होता! चार-चार सामन्यांत मिळून लाल हातमोजेवाल्याच्या बाय ४. वस्तीवरच्या पोराच्या ११. चार कुठे, अकरा कुठे! बक्षीस समारंभात मी निकालाचा कागद दिला आणि समालोचकाने तो खड्या आवाजात जसाच्या तसा वाचला. लाल हातमोज्यांना हातमोजे मिळाले, म्हणजे आता त्याचे दोन जोड झाले. शेवटी समालोचक पदरचं बोलला, ‘आणि अकरा बाय देणाऱ्या आपल्या मित्राने पुढच्या वर्षी जोमाने सराव करावा!’ सगळं वावर हसलं. बांधावर आपल्या दोन-तीन शेजारणींबरोबर त्या पोराची आई बसली होती. ती उठली, पदर झटकला आणि चालू लागली. पोरगाही मागोमाग गेला. मी समाधानाने वही मिटली. हिशेब जुळला होता.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर गोधड्या पसरल्या. माझ्या मेहुण्याचा मुलगा त्या वेळी यात्रेला आला होता. हा न्यू जर्सीत कॉम्प्युटरमध्ये असतो आणि इकडच्या रीतीप्रमाणे मला मामा म्हणतो. दिवसभर कांद्याच्या बराखीच्या सावलीला बसून त्याने सगळे सामने पाहिले होते. तो म्हणाला, “मामा, रागावू नका. पण तुम्ही चुकीच्या खात्यावर रक्कम टाकली.”

कॅशियरला असं म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला ताल चुकला म्हणण्यासारखं आहे. मी उठून बसलो.

तेव्हा त्याने मला बेसबॉलमधला कॅचर समजावून सांगितला. आपला यष्टिरक्षक उभा असतो, त्यांचा कॅचर उकिडवा बसतो. तोंडावर जाळी, छातीवर चिलखत, गुडघ्यावर ढाली. एकंदर थाट पानिपतावर निघाल्यासारखा. साठ फूट सहा इंचांवरून पिचर ताशी नव्वद-पंचाण्णव मैलांनी चेंडू फेकतो. जमिनीवर होम प्लेट नावाची सतरा इंच रुंद पाटी बसवलेली असते. पाटीच्या वरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून चेंडू गेला तर ‘स्ट्राइक’, म्हणजे फलंदाजाचं नुकसान. पट्ट्याच्या बाहेरून गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही तर ‘बॉल’, म्हणजे गोलंदाजाचं नुकसान. हे ठरवणारा पंच कॅचरच्या मागे, त्याच्या खांद्यावरून डोकावत असतो. भाचा म्हणाला, “आता गंमत बघा. काठावरचा चेंडू पंचाला दिसतो तो कॅचरच्या हातात.”

गंमत नुसती ऐकून मला कळेना. तेव्हा त्याने गोधडीची सतरा इंच रुंद घडी घातली, तिच्यामागे उकिडवा बसला आणि आमच्या सासऱ्यांना आपल्या पाठीमागे पंच म्हणून उभं केलं. चेंडू नव्हता म्हणून मी क्रेटमधला टोमॅटो घेतला आणि घडीच्या काठाला लागून फेकला. भाच्याने तो जागच्या जागी, अंग न हलवता, पंजात अलगद घेतला आणि तिथेच धरून ठेवला.

“बोला आजोबा, आत का बाहेर?”

“आत,” सासरे म्हणाले.

दुसरा टोमॅटो मी बरोबर त्याच जागी टाकला. या वेळी भाचा सबंध आडवा झाला, हात लांबवला आणि कोलमडत टोमॅटो घेतला.

“बाहेर! लय बाहेर!” सासरे ओरडले.

टोमॅटो तोच, काठ तोच, पंचही तोच. बदलला होता फक्त घेणारा. या कलेला तिकडे ‘फ्रेमिंग’ म्हणतात; चेंडूला चौकट घालून पंचापुढे ठेवणं. तसबीर भिंतीवर सरळ लावली की चित्र बरं दिसतं, तसं. हात ओढून चेंडू आत आणणारा कॅचर कच्चा, कारण हात ओढला की पंचाला संशय येतो. पक्का कॅचर चेंडूच्या आधी तिथे पोहोचतो आणि मग काहीही करत नाही. त्याचं सगळं कौशल्य या काहीही न करण्यात असतं.

मग त्याने ‘ब्लॉकिंग’ दाखवलं. पिचरचा चेंडू जमिनीवर आपटला तर कॅचर तो झेलण्याच्या भानगडीत पडत नाही. तो दोन्ही गुडघ्यांवर आदळतो, पंजाने पायांतली फट बुजवतो, खांदे पुढे घेऊन छातीची पोकळी करतो आणि चेंडू अंगावर घेऊन आपल्यापुढेच मरू देतो. कारण तो मागे गेला तर बेसवरचे धावणारे पुढे सरकतात. हे दाखवताना तिसरा टोमॅटो भाच्याच्या बनियनवर मेला आणि सासूबाई जिन्यातून वर आल्या. टोमॅटोला बाजार काय आहे हे त्यांनी आम्हा तिघांना सुनावलं. प्रात्यक्षिक तिथेच संपलं.

पण मला खरा हादरा बसला तो पुढच्या माहितीने. बेसबॉलच्या वहीत, कॅचरच्या मागे गेलेल्या चेंडूची दोन खाती असतात! साधारण प्रयत्नाने अडला असता असा चेंडू सुटला तर ‘पास्ड बॉल’, तो कॅचरच्या नावे. मुळात फेकच वेडीवाकडी असेल तर ‘वाइल्ड पिच’, ती पिचरच्या नावे. टप्पा खाऊन आलेला चेंडू सुटला तर तोही पिचरच्याच नावे. मी कॉमर्सचा माणूस. माझे डोळे पाणावले. नाहीतर आपलं क्रिकेट बघा. वाइड आणि नोबॉल १९८०च्या दशकापासून गोलंदाजाच्या नावे मांडतात. पण गोलंदाजाने चेंडू टिपऱ्यासारखा टाकला, पंचाने तो वाइड दिला नाही आणि फलंदाजाला चुकवून तो सीमेपार गेला, तर चार बाय. गोलंदाजाचं पृथक्करण सोवळ्यात आणि सगळी मैदानं यष्टिरक्षकाकडे बघतात. वहीत बायची खूण म्हणून एक त्रिकोण काढतात. तो त्रिकोण गुन्ह्याचा आहे की परिस्थितीचा, याची चौकशी नाही.

आणि ज्या गुन्ह्याची चौकशी व्हावी त्याला रकानाच नाही. १९९०च्या लॉर्ड्स कसोटीत आपल्या किरण मोऱ्यांच्या हातून ग्रॅहॅम गूचचा झेल सुटला तेव्हा गूच होता ३६ धावांवर. तो बाद झाला ३३३ वर. वजाबाकी माझ्या हातचा मळ : २९७. एवढ्या मोठ्या तुटीची अधिकृत नोंद धावफलकात शून्य. बेसबॉलमध्ये असा सोपा झेल सुटला की ‘एरर’ म्हणून नावावर चढतो आणि धावफलकावर झळकतो.

उलट बाजूही तशीच आहे. १९४६ साली सिडनीला ऑस्ट्रेलियाने ८ बाद ६५९ धावा करून डाव सोडला. तेवढा वेळ इंग्लंडचा गॉडफ्रे इव्हान्स यष्टीमागे होता आणि एकही बाय गेली नाही. त्या राबण्याची वहीतली नोंद काय? बाय ०. काही न करणाऱ्या माणसाच्या नावापुढेही शून्यच असतं. माझी जुळलेली कॅश याहून वेगळी काय आहे?

याच किरण मोऱ्यांनी जानेवारी १९८८ मध्ये मद्रासच्या कसोटीत वेस्ट इंडिजचे सहा फलंदाज यष्टिचीत केले, त्यांतले पाच दुसऱ्या डावात. दोन्ही विश्वविक्रम. पण त्याच सामन्यात नरेंद्र हिरवाणीने पदार्पणात १६ बळी घेतले आणि सगळा गुलाल तिकडे उधळला गेला. फिरकीवर यष्टीला खेटून उभं राहायचं, फलंदाजाची बॅट आणि शरीर मधे असताना चेंडू फक्त अंदाजाने घ्यायचा आणि त्याच्या पायाचा अंगठा हवेत असेतो बेल्स उडवायच्या. हे सहा वेळा! पण मोरे म्हटल्यावर लोकांना आठवतं काय? १९९२च्या विश्वचषकात सिडनीला जावेद मियाँदादने त्यांची नक्कल करत मारलेल्या बेडूकउड्या. मोरे अपील भरपूर करत, हे मान्य. पण ४९ कसोट्यांत ११० झेल आणि २० यष्टिचीत करणाऱ्या माणसाची आठवण दुसऱ्याने मारलेल्या उड्यांवरून निघावी?

मुंबईच्या नरेन ताम्हाण्यांचं उदाहरण घ्या. २१ कसोटी, ५१ बळी आणि त्यांतले १६ यष्टिचीत. हे प्रमाण बघितलं की माणूस किती वेळ यष्टीला चिकटून उभा होता ते कळतं. पण फलंदाजीची सरासरी जेमतेम दहा, आणि ती बघूनच लोक मान हलवणार. समीर दिघे आठवतात ते २००१च्या चेन्नई कसोटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयाच्या वेळी नाबाद २२ धावा काढून उभे होते म्हणून. म्हणजे यष्टिरक्षक लक्षात राहतो तो बॅट हातात असताना. हातमोजे चढवले की अंतर्धान.

अमेरिकेत मात्र कोणाला तरी ही माणसं दिसली. २००८च्या सुमारास तिकडच्या मोठ्या लीगच्या सगळ्या मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे लागले. कोणता चेंडू खरा आत होता, कोणता बाहेर, आणि कोणत्या कॅचरच्या हातात पडल्यावर पंचाने तो कसा दिला, याचा ताळेबंद निघाला. होजे मोलिना म्हणून एक कॅचर होता. तिघे भाऊ, तिघेही कॅचर. होजेची फलंदाजी बेताची आणि धावणं त्याहून बेताचं. २०११ मध्ये हे फ्रेमिंगचं मोजमाप प्रसिद्ध झालं, तेव्हा हा गडी यादीच्या माथ्यावर! इतकी वर्षं तो काठावरचे चेंडू मुकाट्याने जमेला टाकत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. बेतास बात ठरवलेला कारकून बँकेला सर्वांत जास्त नफा करून देणारा निघावा, तसं झालं. ब्लॉकिंगचंही आता तसंच. नुसते सुटलेले चेंडू मोजत नाहीत. समोर आलेले चेंडू किती अवघड होते आणि सर्वसाधारण कॅचरने त्यांतले किती अडवले असते, याच्याशी ताडून बघतात.

मी विचारलं, “पण ही पंचाची फसवणूक नाही का?” बंडलाच्या मधोमध फाटकी नोट सरकवणारी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांपुढे आली होती. भाचा म्हणाला, “थोडी आहे. म्हणून २०२६च्या हंगामापासून यंत्र आलं. पंचाचा निकाल पटला नाही तर टोपीला हात लावून हरकत घ्यायची. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन हरकती मिळतात. ती घ्यायचा हक्क फलंदाजाला, पिचरला आणि कॅचरला.” म्हणजे यंत्र आल्यावरही चेंडू आत होता का बाहेर हे सांगायला कॅचर लागतोच. आपल्याकडे रिव्ह्यू घेताना कर्णधार आधी यष्टिरक्षकाच्या तोंडाकडे बघतो, त्यातली गत.

“ते असो,” भाचा म्हणाला. “मामा, तुमच्या वहीत वाइड किती आहेत?”

मी मोबाइलच्या उजेडात वही उघडली. लाल हातमोजेवाला मागे असताना त्याच्या गोलंदाजांना पंचांनी दिलेले वाइड : १९. वस्तीवरचा पोरगा मागे असताना : ६. मी पुन्हा मोजले. बँकेत सवय आहे. नोटा दोनदा मोजतो. १९ आणि ६.

आता मला मघाचे दोन टोमॅटो आठवले. लाल हातमोजेवाला प्रत्येक चेंडूला आडवा होत होता, आणि तो आडवा झाला की पंचाचे हात आपोआप आडवे होत होते. वस्तीवरचा पोरगा पाय टाकून चेंडूच्या रेषेत आधीच येऊन उभा असे. चेंडू त्याच्या पोटापुढे येई, आणि पोटापुढे आलेला चेंडू पंचाला वाइड कसा वाटणार? एकाने वाचवल्या त्या धावा दिसल्या, गमावल्या त्या दुसऱ्या रकान्यात गेल्या. बेरीज करा : चार आणि एकोणीस, तेवीस. अकरा आणि सहा, सतरा. एक खातं बघून शिल्लक सांगणाऱ्या कारकुनाला आमच्याकडे मेमो मिळतो.

आणि मग जे वहीत नव्हतं तेही एकेक आठवायला लागलं. पोराच्या संघातला वेगवान गोलंदाज हा गोलंदाज कमी आणि गोफणवाला जास्त होता. त्याचा चेंडू कुठे जाणार हे त्यालाही कळत नसे. त्या अकरांतल्या निदान आठ बाय त्याच्या. तो टाकत असताना अकरावर भागलं, हाच चमत्कार. फिरकीवर पोरगा यष्टीला चिकटून उभा राही, म्हणून फलंदाज पुढे सरसावत नव्हते. जे षटकार मारलेच गेले नाहीत ते मी कुठे लिहिणार होतो? टेनिसचा चेंडू तळहातावरून उसळतो, पण त्याच्या हातात तो आवाज न करता बसे, कारण चेंडूबरोबर हात मागे जाई. लाल हातमोजेवाला उड्या मारत होता त्याचं कारणही आता उमगलं. तो टाचांवर बसायचा आणि उशिरा उठायचा. पाय पोहोचले नाहीत की माणूस उडी मारतो. शिट्ट्या उशीर झाल्याबद्दल पडत होत्या. त्याची फेक मात्र झकास होती. दोन धावबाद त्याचे स्वतःचे, ते मी नाकारत नाही. आणि पोराने उपान्त्य सामन्यात एक सोपा यष्टिचीत घालवला होता, तेही लिहून ठेवतो. टीका करायची तर दोन्ही बाजू मांडाव्यात. पण बक्षीस चुकलं होतं.

निमगावपासून जवळच खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाच्या पोटातली क्षीणातली क्षीण कुजबूज ऐकत असतात. त्याच तालुक्यात बसून मला वीस पावलांवरचे दोन हात दिसले नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. ढेकणांवर ढकलता आलं असतं, पण सासुरवाडीच्या गोधडीत ढेकूण नव्हते.

मला जनार्दन नवले आठवत राहिले. हे पुणे जिल्ह्यातल्याच फुलगावचे. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळायला उतरला तेव्हा आपले यष्टिरक्षक तेच आणि सलामीचे फलंदाजही तेच. देशाच्या सगळ्या यष्टिरक्षकांचा मूळपुरुष. दोन कसोट्या खेळले. उतारवयात त्यांनी साखर कारखान्यावर पहारेकऱ्याचं काम केलं आणि १९७९ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. यष्टी राखणारा माणूस शेवटी फाटक राखत होता. तिथेही, चोरी झाली असती तर कोणी नाव घेतलं असतं. न झालेल्या चोऱ्यांचं श्रेय कोण मांडणार?

सकाळी चहा न घेता मी कमिटीच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाव्हणं, दिलेलं बक्षीस परत घ्यायचं म्हंजी गावात दोन पार्ट्या. तुमी संध्याकाळच्या गाडीनं जाल, आमाला हितंच ऱ्हायचंय.” मुद्दा बिनतोड होता. बँकेतसुद्धा एकदा झालेली नोंद खोडता येत नाही. खोडली तर नोकरी जाते. त्यावर उपाय एकच, उलट नोंद करायची.

मी भाच्याला घेऊन नारायणगावला गेलो आणि पदरच्या पैशांनी हातमोज्यांचा चांगला जोड आणला. पोरगा वस्तीवर बराखीत कांदा निवडत बसला होता. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. आई दारात होती. तिने मला ओळखलं आणि पाणी दिलं, पण बोलली नाही. मी कालच्या निकालाचं सगळं सांगितलं, वहीतले १९ आणि ६ दाखवले आणि हातमोजे पुढे केले.

त्याने ते घातले, मुठी मिटल्या, उघडल्या आणि काढून माझ्या हातात दिले.

“नको काका. ह्यात बॉल कळत न्हाई हाताला.”

मग थोडा वेळ कांदे निवडून झाल्यावर म्हणाला, “त्यापरीस एक करा. वहीत बायच्या म्होरं बॉलरचं नाव लिवत जावा.”

त्याने बेसबॉल पाहिलेला नव्हता. अमेरिकेतल्या वहीत जी दोन खाती आहेत ती त्याला बराखीत बसून सुचली होती.

पुढच्या यात्रेला मी आपण होऊन गुणलेखक झालो. सामना सुरू व्हायच्या आधी बायच्या रकान्यात पट्टीने मधोमध रेघ मारली : डावीकडे गोलंदाज, उजवीकडे यष्टिरक्षक. दुपारपर्यंत तीन संघांचे गोलंदाज तक्रार घेऊन आले. सासरे काळजीने म्हणाले, “जावईबापू, बॉलर लोक लय नाराज हैत तुमच्यावर.” समालोचकालाही मी बजावून ठेवलं होतं की वाचायचं तर दोन्ही बाजू वाचायच्या.

पोराचा सामना संपला तेव्हा तो वहीपाशी आला. घाम पुसत त्याने आपल्या संघाचं पान बघितलं. गोलंदाजाकडे तीन, त्याच्याकडे एक. मी मनात म्हटलं, चला, मागची बाकी फिटली. एवढ्यात त्याने डावीकडच्या तिसऱ्या त्रिकोणावर बोट ठेवलं.

“काका, ही माजी हाय. बॉल चांगला व्हता. मीच उशिरा उठलो. तिकडं मांडा.”

बावीस वर्षं खिडकीमागे बसतो आहे. माझ्या नावावर जास्त टाका म्हणून पलीकडून आलेला हा पहिलाच माणूस. मी नोंद खोडली नाही. नियमाप्रमाणे उलट नोंद केली आणि खाली त्याची सही घेतली.